पेडॉट-पीएसएसची फिल्म पीबीएसमध्ये सुटतेय, पेशीही मरतायत. पॉलिमरच बदलू का?

सायली_केमिस्ट्री

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, कोल्हापूर. विषय कंडक्टिंग पॉलिमरचे इलेक्ट्रोड: आधी हाताच्या स्नायूंचे सिग्नल (ईएमजी) घेणारा त्वचेवरचा पॅच, आणि जमलंच तर पुढे मज्जातंतूभोवती गुंडाळायची पट्टी. मी मूळची पॉलिमर केमिस्ट्रीची. पेशी-बिशी प्रकरण पहिल्यांदाच हाताळतेय, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

करते ते असं. २५ मायक्रॉनच्या कॅप्टनवर (Kapton, उष्णता सोसणारी पॉलिइमाइडची प्लॅस्टिक फिल्म) सोनं स्पटर केलेलं, म्हणजे निर्वातात पातळ थर चढवलेला. त्यावर क्लेव्हिऑस पीएच-१००० (पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरची पाण्यातली शाई), त्यात ५% डीएमएसओ हे द्रावक, स्पिन कोट (गरागरा फिरवून पातळ थर), मग हॉटप्लेटवर १२० अंशाला १५ मिनिटं. कोरडी असताना फिल्म देखणी दिसते. फिकट निळी, एकसारखी, मल्टिमीटर लावला की खूश व्हावं अशी. पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारं बफर द्रावण) ठेवली की संध्याकाळपर्यंत कडा उचलायला लागतात आणि सकाळी बघावं तर अख्खी फिल्म दुधावरच्या सायीसारखी सुरकुतून तरंगत असते. खाली सोनं लखलखीत.

दुसरं दुखणं पेशींचं. मधे स्पिन कोटर बंद होता, म्हणून पेशींसाठीचे नमुने काचेवर ड्रॉप-कास्ट केले (शाई नुसती ओतून वाळवली), चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा मिली. बेक तसंच. नमुने डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं माध्यम) ३७ अंशाला २४ तास ठेवून अर्क काढला (१ मिलीला ६ चौ.सेंमी.), तो एल-९२९ या उंदराच्या पेशींवर घातला आणि एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) केली. जिवंत पेशी ४०% च्या आसपास. नुसत्या काचेला काही झालं नाही. ७०% च्या खाली गेलं की मटेरियल पेशींना घातक धरतात, तेव्हा आपण नापासच.

गाइड म्हणतात, पेडॉटचा नाद सोड, पॉलिॲनिलिन घे. आमच्या लॅबमध्ये गॅस सेन्सरसाठी वर्षानुवर्षं पॉलिॲनिलिन होतं, सगळ्यांचा हात बसलेला आहे, ॲनिलिनची बाटलीही कपाटात आहे. पण प्रत्येक रिव्ह्यू पेपरच्या पहिल्या परिच्छेदात पेडॉट-पीएसएस जैवसुसंगत असल्याचं लिहिलेलं असतं. मग माझ्याच पेशी का मरतात? आणि खरंच पॉलिमर बदलू का?

जुना_तंत्रज्ञ

माझं आयुष्य ईसीजी मशीनं दुरुस्त करण्यात गेलं, केमिस्ट्रीतलं कळत नाही. एक बाळबोध प्रश्न. बाजारात चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा जेल लावलेला चिकटवायचा इलेक्ट्रोड काही रुपयांना मिळतो. सिग्नल स्वच्छ येतो, दवाखान्यात रोज हजारो लागतात. मग ही सोनं, स्पिन कोटर आणि महागडी शाई यांची यातायात कशासाठी? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

वाईकर_स्वीडनमध्ये

काका, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. दहा मिनिटांचा ईसीजी काढायचा असेल तर तुमच्या इलेक्ट्रोडला तोड नाही आणि तिथे पेडॉट वापरणं हा निव्वळ शौक आहे. फरक पडतो तो दिवसभर, दोन-तीन दिवस लावून ठेवायचं असेल तेव्हा. जेल वाळतं, रोध वाढतो, सिग्नलमध्ये खरखर येते, चिकटद्रव्याखाली कातडी लाल होते. आणि शरीराच्या आत तर तो चालतच नाही, कारण सुटणारे चांदीचे आयन पेशींना मारतात. सायलीला पुढे मज्जातंतूपर्यंत जायचंय, तिथे चांदी बाद.

आता सायली, तुझं. मी गेली काही वर्षं याच शाईत हात बुडवून बसलेली आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पॉलिमर बदलू नकोस. तुझ्या दोन अडचणींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींत पेडॉट बिचारा निर्दोष आहे.

आधी फिल्म सुटण्याचं बघू. पेडॉट स्वतः पाण्यात विरघळत नाही. त्याला पाण्यात तरंगत ठेवतो तो पीएसएस, आणि तो पाण्याला हपापलेला असतो. पीएच-१००० मध्ये वजनाने एक भाग पेडॉटला अडीच भाग पीएसएस असतो, म्हणजे तुझ्या फिल्ममधला बहुतेक माल पाणी पिणाराच. डीएमएसओमुळे पेडॉटच्या साखळ्या नीट लागतात, वाहकता सेंटीमीटरला एक सीमेन्सच्या खालून शेकड्यांत जाते, पण फिल्म बांधून ठेवणं हे त्याचं कामच नाही. ते काम जीओपीएसचं. पूर्ण नाव ग्लायसिडिलॉक्सिप्रोपिल-ट्रायमिथॉक्सिसिलेन, लॅबमध्ये सगळे नुसतं 'गॉप्स' म्हणतात. आकारमानाने १% घाल, ढवळ, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ आणि त्याच दिवशी कोट कर. उरलेली शाई उद्यासाठी ठेवू नकोस, ती घट्ट होत जाते. मग १४० अंशाला एक तास. कॅप्टनला १४० अंश म्हणजे काहीच नाही.

मात्र इथे एक मेख आहे. गॉप्सचं एक टोक पीएसएसला धरतं, दुसरं टोक काचेवरच्या हायड्रॉक्सिल गटांना. सोन्यावर तसले गट नसतात! म्हणजे गॉप्स घातल्यावर तुझी फिल्म विरघळायची थांबेल, पण सोन्यावरून सबंधच्या सबंध उचलली जाऊ शकते. 'खाली सोनं लखलखीत' असं तू लिहिलंस ना, त्यातच सगळं आलं. म्हणून पूर्ण पृष्ठभागावर सोनं पसरू नकोस. मास्क लावून सोन्याची बारीक पट्टी काढ आणि फिल्म तिच्या चारही बाजूंनी उघड्या कॅप्टनवर दोन-तीन मिलिमीटर जाऊ दे. कोट करायच्या आधी ऑक्सिजन प्लाझ्मा दिलास की कॅप्टनवर ऑक्सिजनवाले गट तयार होतात आणि फिल्म कडेला घट्ट बसते. मधल्या सोन्यावर नुसती टेकली तरी चालतं. सोन्यावरच चिकटवायची असेल तर आधी मर्कॅप्टो-सिलेनचा थर दे, त्यातलं गंधक सोन्याला धरतं आणि सिलेनचं टोक वर मोकळं राहतं.

गॉप्सने वाहकता खाली येते. घाबरू नकोस. रिव्ह्यूअर लोक वाहकतेचे आकडे बघतात, पण इलेक्ट्रोडला लागतो तो कमी इम्पीडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा रोध), आणि तो येतो कपॅसिटन्समधून, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतून. धातूचा इलेक्ट्रोड फक्त पृष्ठभागावर आयनांशी व्यवहार करतो. पेडॉट-पीएसएसच्या आत आयन शिरतात, सगळं घनफळ कामाला येतं, एका घन सेंटीमीटरला साधारण ४० फॅरड. आता हिशेब कर: १०० नॅनोमीटर जाड, १ चौ.सेंमी. फिल्म म्हणजे ४०० मायक्रोफॅरड. तेवढ्याच गुळगुळीत सोन्याला काही दहा मायक्रोफॅरड मिळतात. आणि दुसरा थर चढवलास की पेडॉटचा आकडा दुप्पट होतो, सोन्याचा होत नाही. या एवढ्या एका गुणासाठी लोक या पॉलिमरच्या मागे लागलेत. बायरने १९८०च्या दशकाच्या अखेरीस पेडॉट शोधलं आणि ही शाई आधी वापरली गेली ती फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून. शरीराचा तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही विचार नव्हता.

आता पेशी. तू 'ड्रॉप-कास्ट' आणि 'अर्धा मिली' लिहिलंस तिथेच मी थांबले. पीएच-१००० मध्ये घन माल सुमारे १.३%. अर्धा मिली म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, त्यात पीएसएस साडेचारच्या वर. पीएसएस हे सल्फॉनिक आम्ल आहे, शाईचा पीएचच दोनच्या आसपास असतो. मोलमध्ये मांडलं तर चौरस सेंटीमीटरला जवळपास २५ मायक्रोमोल आम्ल गट, त्यातले थोडे पेडॉटच्या धनभाराने अडकलेले. म्हणजे मोकळे वीसेक. तुझ्या अर्कात त्या एका चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला आलं १ मिलीचा सहावा हिस्सा डीएमईएम, ज्यात आम्ल झेलणारं बफर म्हणजे बायकार्बोनेट ४४ मिलिमोलर, म्हणजे सात मायक्रोमोलच्या आसपास. वीस विरुद्ध सात. बफर कोलमडणारच. पीएसएस फिल्ममधून बाहेर पडायचीही गरज नाही, माध्यमातले सोडियम आयन आत जातात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर येतात.

हाच हिशेब १०० नॅनोमीटरच्या स्पिन कोट फिल्मला लाव. तिच्यात पीएसएसच जेमतेम सात मायक्रोग्रॅम, आम्ल ०.०४ मायक्रोमोल. बफरला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणजे ज्या फिल्मचा तू इलेक्ट्रोड करणार आहेस तिची चाचणी तू केलेलीच नाहीस. केलीस ती तिच्यापेक्षा शेकडो पट जाड आणि न धुतलेल्या थराची. एक सांग, अर्क काढल्यावर माध्यमाचा रंग कसा होता? फिनॉल रेड (आम्ल वाढलं की पिवळा होणारा रंग) असेल तर बघूनच कळतं.

पुढच्या वेळी असं कर. गॉप्स घालून बेक केलेली फिल्म रात्रभर शुद्ध पाण्यात ठेव, पाणी मधे मधे बदल, शेवटच्या पाण्याचा पीएच मीटरने मोज आणि नोंदव. मग पीबीएस. मग पेशी न घालता नुसतं माध्यम काही तास. डीएमएसओचा अंश, न जोडलं गेलेलं गॉप्स, मोकळा पीएसएस, कुणी ओलेपणासाठी डीबीएसए घालतं त्याचा साबण, हे सगळं त्यात निघून जातं. 'पेडॉटने पेशी मारल्या' म्हणून जे ऐकू येतं त्यात बरेचदा हे न धुतलेलं उरलंसुरलंच असतं.

गाइडच्या पॉलिॲनिलिनबद्दल. गॅस सेन्सरला ते छानच आहे, वाद नाही. पण पॉलिॲनिलिन वीज वाहतं ते प्रोटॉन लागलेल्या अवस्थेत, आणि पीएच चारच्या वर गेला की ते प्रोटॉन सोडायला लागतं. शरीराचा पीएच ७.४. तिथे साधं पॉलिॲनिलिन म्हणजे निळा इन्सुलेटर. आम्ल साखळीलाच जोडून यातून वाट काढणारे आहेत, पण ती स्वतंत्र पीएचडी झाली, शिवाय ॲनिलिनचे अवशेष काढत बसा. सरांशी वाद घालू नकोस. त्यांच्याच लॅबमधली हिरवी फिल्म घे, मल्टिमीटर लाव, पीबीएसमध्ये बुडव. हिरव्याची निळी होताना आणि रोध चढताना त्यांना स्वतःलाच दिसू दे.

मज्जातंतूच्या पट्टीचं आत्ता डोक्यात आणू नकोस. त्वचेवरच्या पॅचला आयएसओ १०९९३ (वैद्यकीय वस्तू शरीराला सुरक्षित आहेत का हे तपासायचं मानक) खाली पेशी, ॲलर्जी आणि दाह एवढ्या चाचण्या मुख्यतः लागतात. आत ठेवायच्या वस्तूला त्याहून कितीतरी जास्त, आणि तिथे रसायनाइतकाच कडकपणा नडतो. मेंदूची मऊपणाची पातळी किलोपास्कलमध्ये, वाळलेल्या पेडॉट-पीएसएसची गिगापास्कलमध्ये. २०१५ मध्ये खोदागोली आणि बुझाकी यांच्या गटाने न्यूरोग्रिड (मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायची इलेक्ट्रोडची जाळी) केला तेव्हा पॅरिलीन या पॉलिमरची पट्टी जेमतेम ४ मायक्रॉन जाड ठेवली होती, म्हणून ती मेंदूच्या पृष्ठभागावर आपोआप बसली. तुझं २५ मायक्रॉनचं कॅप्टन मज्जातंतूभोवती गुंडाळलं तर स्प्रिंगसारखं उघडू बघेल. आणि इथे स्वीडनमध्ये तर गोष्टी आणखी पुढे गेल्यात. लिंशॉपिंग विद्यापीठाच्या बर्गग्रेन यांच्या गटाने इतरांबरोबर २०२३ मध्ये शरीरातल्याच ग्लुकोज-लॅक्टेटच्या जोरावर, एन्झाइमकडून, थेट झेब्राफिशच्या आणि जळवांच्या ऊतीत वाहक पॉलिमर तयार करून दाखवलं. वाचायला मजा येईल, पण आधी तुझी फिल्म एक रात्र पाण्यात टिकू दे.

पेट्रीडिश_पुणे

ताईंनी रसायन सांगितलं, मी पेशींच्या बाजूने दोन-चार गोष्टी घालतो. आमच्याकडे बाहेरच्या लोकांचे नमुने येतात, त्यांत इंजिनिअर मंडळी एमटीटीचा एकच आकडा घेऊन जातात आणि पेपरात टाकतात, त्यावर माझा राग आहे.

पेडॉट निळं आहे आणि एमटीटीही ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात. अर्कात फिल्मचे कण तरंगत असतील तर वाचन फुगतं. शिवाय ही पॉलिमर स्वतः इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतात, पेशी नसतानाही एमटीटीचा रंग आणू शकतात. म्हणून पेशींशिवायचा एक खळगा, म्हणजे नुसता अर्क आणि एमटीटी, प्रत्येक प्लेटवर हवाच. तुमचे ४०% खरं तर त्याहून कमीही असू शकतात. सोबत कॅल्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइडने जिवंत-मेलेल्या पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली बघा. आकड्याला फसता येतं, लाल ठिपक्यांना नाही.

काच हा एकच कंट्रोल (तुलनेचा नमुना) पुरत नाही. निर्धोक म्हणून एचडीपीई प्लॅस्टिक आणि घातक म्हणून लॅटेक्ससारखं काहीतरी ठेवा. घातक नमुन्याने पेशी मेल्या नाहीत तर तुमची चाचणीच झोपलेली आहे. पेशी कुठून आणल्या? आमच्या पुण्यातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) रिपॉझिटरीतून एल-९२९ मिळतात. कुणाच्या मित्राच्या इन्क्युबेटरमधून आलेल्या असतील तर आधी मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग तपासा.

निर्जंतुक करण्याचं विसरू नका. ७०% इथेनॉल चालेल, पण नंतर निर्जंतुक पीबीएसने नीट धुवा. गॉप्सवाली फिल्म ऑटोक्लेव्हही सोसते. मात्र १२१ अंशाच्या वाफेनंतर इम्पीडन्स परत मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सायली_केमिस्ट्री

ताई, दादा, मनापासून आभार. फ्रिजमधल्या अर्काच्या ट्यूब काढून बघितल्या. काचेच्या कंट्रोलचा अर्क गुलाबी, माझा पिवळाधमक. लिंबू सरबत म्हणून खपेल असा. पीएचची पट्टी बुडवली तर पाचच्याही खाली. हे इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि केमिस्ट्रीवाल्या कुणालाच त्याकडे बघावंसं वाटलं नाही!

गॉप्स शेजारच्या विभागात निघालं, काचेवर चढवून रात्रभर पीबीएसमध्ये ठेवलं. सकाळी फिल्म जागच्या जागी. ओरखडा काढला तरी कडा उचलत नाही. सोन्याचा मास्क कापायला दिलाय.

सरांना हिरव्या फिल्मचा प्रयोग दाखवला. बराच वेळ मल्टिमीटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे आम्ही हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून परत हिरवं करायचो." मी म्हटलं, सर, माणसाला हायड्रोक्लोरिक आम्लात कसं ठेवणार? हसले. पेडॉटला परवानगी मिळाली आहे.

अडचण उरली ती प्लाझ्माची. आमच्याकडे प्लाझ्मा क्लीनर नाही. आयआयटी मुंबईत बाहेरच्यांसाठीच्या योजनेतून वेळ मिळतो, पण दरवेळी कॅप्टनची पट्टी घेऊन पवईला जायचं? आणि प्लाझ्माचा असर किती वेळ टिकतो?

वाईकर_स्वीडनमध्ये

असर उतरत जातो, तासांच्या हिशेबात. त्यामुळे पवईला प्लाझ्मा आणि कोल्हापूरला कोटिंग हे जमायचं नाही. गेलीस तर कोटिंगही तिथेच उरकून ये. यूव्ही-ओझोन क्लीनर कुणाकडे आहे का बघ, सौरघटांवर काम करणाऱ्यांकडे असतो, तोही चालतो.

जुना_तंत्रज्ञ

आता मला बोलता येईल असं काही निघालं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर छपाई करणारे कारखाने असतात ना, ते शाई धरावी म्हणून छपाईआधी फिल्मला कोरोना डिस्चार्ज देतात. तत्त्व तेच, हवेत उच्च दाबाची वीज. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत चौकशी करा, असा एखादा कारखाना सापडायला हरकत नाही. हातात धरायचे छोटे कोरोना ट्रीटरही मिळतात. फक्त सोन्याच्या पट्टीपासून लांब धरा, ठिणगी तिच्यावरच उडी घेते.

वाईकर_स्वीडनमध्ये

काका, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. सायली, करून बघ. ट्रीट केल्यावर कॅप्टनवर पाण्याचा थेंब टाक. पसरला तर झालं, गोल राहिला तर अजून दे. सोनं स्पटर करायच्या आधी कोरोना दिलास तर ठिणगीचा प्रश्न येणार नाही, पण मग कोटिंगपर्यंत असर उरणार नाही, तेव्हा सोन्यानंतरच दे, काका म्हणतात तसं पट्टीपासून लांब धरून. आणि पावसाळा सुरू झालाय म्हणून सांगते: कोरड्या फिल्मचा रोध कोल्हापूरच्या हवेत रोज वेगळा येईल, पीएसएस हवेतलंही पाणी ओढतो. तुलना करायचे आकडे पीबीएसमध्ये बुडवूनच घे, १ हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ, आणि १ किलोहर्ट्झचा आकडा वेगळा लिही. शाईची बाटली ४ अंशाला ठेव, डीप फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठली की गुठळ्या होतात, त्या परत सुटत नाहीत.

सायली_केमिस्ट्री

बाटली आत्ताच जाऊन बघितली, खालच्या कप्प्यातच आहे. शिरोलीत मैत्रिणीच्या काकांचा पिशव्या छापायचा कारखाना निघाला, शनिवारी मशीन मोकळं असतं म्हणाले. कॅप्टनचा रोल घेऊन जाते. इम्पीडन्सचे आलेख आले की इथेच टाकते.